नाण्यांमधली फट



जमीन-जागेच्या व्यवसायातील माणसाने दिवाळीत गाव सोडू नये, असा आमच्या पेढीचा जुना दंडक आहे. पाडवा हा साडेतीन मुहूर्तांपैकी अर्धा मुहूर्त. त्या दिवशी सदनिकेची नोंदणी करण्यासाठी लोक सहकुटुंब येतात. तरीही यंदा निर्वाण-कल्याणकाची पूजा आटोपल्यावर, पाडव्याच्या दुपारी पेढीच्या किल्ल्या पुतण्याच्या स्वाधीन करून आम्ही सारे आबूला निघालो. सारे म्हणजे आम्ही दोघे भाऊ, सुना-मुले, नातवंडे आणि आमची धाकटी बहीण. भाऊबीज या वेळी तीर्थावर करू, हा हट्ट तिचाच होता.

देलवाड्याच्या मंदिरांत छायाचित्रणाला मनाई असल्याने भ्रमणध्वनी बाहेरच ठेवला. तेवढे काही तास भाव, विसार, दस्त यांपैकी एकही शब्द कानी पडला नाही. पण जमिनीच्या माणसाची नजर शिखराआधी पायाकडे जाते, त्याला इलाज नाही. विमलशाह हे गुजरातचे राजे पहिले भीमदेव यांचे दंडनायक. त्यांनी इ. स. 1031 मध्ये येथे भगवान आदिनाथांचे मंदिर उभारले. परंपरा सांगते, की सत्ता हाती असूनही त्यांनी ही जागा बळाने घेतली नाही. जमिनीवर सोन्याची नाणी अंथरून ती विकत घेतली. नाणी गोल असली तर मध्ये फटी राहतात, तेवढी जमीन बिनमोल घेतल्यासारखी होईल, म्हणून त्यांनी चौकोनी नाणी पाडून घेतली, असेही सांगतात. गोल नाणी सरळ ओळींत एकमेकांना चिकटवून मांडली, तर शंभर चौरस फुटांतील सुमारे साडेएकवीस फूट उघडे राहतात. म्हणजे फट काही किरकोळ नव्हे.

ही कथा ऐकून बहीण हसत म्हणाली, "दादा, आपल्या वाड्याच्या वेळी नाणी गोल होती की चौकोनी?" सगळे हसले. मीही हसलो.

चतुर्थीच्या रात्री घरी परतलो आणि कार्तिक शुद्ध पंचमीला पेढी उघडली. ही तिथी आपल्याकडे ज्ञानपंचमी, आणि व्यापाऱ्यांची लाभपंचमीही हीच. सकाळी ग्रंथांचे पूजन करायचे आणि मग वही उघडायची. पुतण्याने वहीशेजारी एक धारिका ठेवली होती. शहरालगतची अडीच एकर, म्हणजे शंभर गुंठे जमीन. विकणारे तीन भाऊ. सातबाऱ्यावर तिघांचीच नावे.

"काका, भाव ठरला आहे. लाभ चौघडियात विसार देऊन टाकू. दुसरा ग्राहक टपून बसला आहे."

मी वकिलांचा शोध अहवाल वाचला. अहवाल चांगला होता. फक्त शेवटच्या पानावर एक ओळ होती. 1998 साली वडील निवर्तल्यावर झालेल्या वारस फेरफारात 'मुलगी विवाहित, तिने तोंडी हक्क सोडला' अशी नोंद होती. नोंदणीकृत हक्कसोडपत्र कुठेही नव्हते.

"पंचवीस वर्षांत त्या बाईंनी हरकत घेतलेली नाही," पुतण्या म्हणाला. "जाहीर नोटीस देऊ. चौदा दिवसांत कोणी आले नाही की विषय संपला."

कायद्याच्या दृष्टीने विषय तसा संपत नाही. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमानुसार मुलगी ही प्रथम वर्गातील वारस आहे, आणि तो कायदा आपणा जैनांनाही लागू आहे. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाइतकाच जन्मजात हक्क दिला. त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. स्थावरातील हक्क नुसत्या तोंडी बोलण्याने सुटत नाही. शिवाय 2016 च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे मालकी हक्कातील दोषामुळे सदनिकाधारकाचे नुकसान झाले, तर भरपाई विकासकाने द्यायची असते, आणि त्या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही. फट आपण ठेवायची आणि तिच्यात पाय अडकायचा आयुष्यभराची पुंजी घालणाऱ्या कुटुंबाचा, असा हा व्यवहार.

पण त्या क्षणी मनात कायदा नव्हता. श्रावकाच्या दुसऱ्या अणुव्रतात स्थूल असत्याचे पाच प्रकार सांगितले आहेत: कन्येविषयीचे, गाईविषयीचे, भूमीविषयीचे, ठेव नाकारण्याचे आणि खोट्या साक्षीचे. प्रतिक्रमणात 'भूम्यलीक' या दोषाची आलोचना मी वर्षानुवर्षे करीत आलो आहे. व्यवसायच भूमीचा असताना तो शब्द इतक्या सहजपणे तोंडातून कसा जात होता, याचे त्या दिवशी नवल वाटले.

मी विसार थांबवला. दोन दिवसांनी त्या भगिनींच्या गावी गेलो. वय साठीच्या पुढचे, घर दोन खोल्यांचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "भावांनी मागितले असते तर दिलेही असते. पण विचारले कोणीच नाही."

तिन्ही भाऊ रागावले. "आमच्या घरात भांडणे लावता," असे म्हणून त्यांनी आठ दिवसांत दुसऱ्याकडून विसार घेतला. पुतण्याने बुडालेल्या नफ्याचा आकडा कागदावर मांडून माझ्यापुढे ठेवला. आकडा लहान नव्हता, आणि तो मांडण्यात त्याची चूकही नव्हती. घराची चूल याच व्यवसायावर चालते.

मात्र त्या रात्री झोप लागली नाही, ती त्या नफ्यामुळे नव्हे. बहिणीचा विनोद आठवत होता. 2009 साली वडिलांच्या वाड्याचे हक्कसोडपत्र आम्ही तिच्याकडून करून घेतले होते. मुद्रांक पूर्ण, नोंदणी रीतसर, साक्षीदार दोन. राखीसाठी ती माहेरी आली होती. दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात नेऊन तिची सही घेतली. वाड्याची किंमत तिला कोणी सांगितली नाही आणि तिने विचारली नाही. दोन वर्षांनी त्याच जागेवर आमच्याच पेढीने इमारत बांधली. कागदात कुठेही फट नव्हती. होती ती आमच्या बोलण्यात.

मोठ्या बंधूंना हे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग उठून चपला घालू लागले. आम्ही दोघे तिच्या घरी गेलो आणि वाड्याचा आकडा तेव्हा किती होता, आज किती आहे, हे तिला प्रथमच सांगितले. मिच्छामि दुक्कडं म्हणायचे ते संवत्सरीची वाट न पाहता म्हटले. ती म्हणाली, "आकडा कळला, बरे झाले. आता काय द्यायचे ते तुम्ही परस्पर ठरवू नका. मी विचार करून सांगेन."

वाचकहो, आपल्यापैकी अनेक घरांत अशी हक्कसोडपत्रे होतात. बहिणीने प्रेमाने हक्क सोडणे ही आपल्या कुटुंबांतील मोठी गोष्ट आहे; तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. विनंती एवढीच, की सही मागण्यापूर्वी तिला मिळकतीची खरी किंमत लेखी सांगावी. ती सणासाठी माहेरी आलेली असताना कागद पुढे करू नये. तिच्या घरच्यांशी, हवे तर तिच्या स्वतंत्र वकिलाशी बोलायला तिला महिनाभर द्यावा. एवढे करूनही तिने हक्क सोडला, तर ते दान होय. एरवी तिने दिलेले नसताना आपण घेतले असे होते, आणि अदत्तादान हा तर तिसऱ्या व्रताचा दोष.

बहिणीने अद्याप काही सांगितलेले नाही. लाभपंचमीच्या नव्या वहीत तिच्या नावाचे एक पान आम्ही उघडले आहे. त्यावर तूर्त एकही आकडा नाही, पण वर्षअखेरचा ताळा त्या पानाशिवाय मांडायचा नाही, हे आम्ही दोघा भावांनी ठरवले आहे.