हातगुणाची समीक्षा

कुटुंबाच्या डॉक्टरविषयी मराठीत लिहिणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एक डॉक्टरला देवमाणूस ठरवून गहिवरतो. दुसरा रुग्णाला भाबडा ठरवून मोकळा होतो. आम्हांस दोन्ही पंथ सारखेच आळशी वाटतात.

कणकवलीचेच पाहू. फोंडाघाट, नरडवे, कळसुलीहून बाजाराला आलेला माणूस ज्या दवाखान्याच्या बाकड्यावर बसतो, तिथे पूर्वी त्याचा बाप बसलेला असतो. कारण विचारावे तर उत्तर एकच, ‘हाताक गुण आसा.’ दुसरा इलाज नाही म्हणून तो येतो म्हणावे, तर १९९८ पासून संपूर्ण कोकण रेल्वे धावते आहे, बांबोळीचे इस्पितळ महामार्गावरच आहे आणि ओरोसला आता वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तिथे तो जातोही. परतल्यावर मात्र तिथले कागद याच डॉक्टरपुढे ठेवतो.

हातगुण म्हणजे साठत गेलेले वाचन, असे आमचे मत आहे. लावणीच्या दिवसांत ताप घेऊन आलेला माणूस कोणाच्या चिखलात उभा होता हे ठाऊक असले, की लेप्टोस्पायरोसिसची शंका लवकर येते. कोणाला कोणते औषध सोसत नाही, रक्तदाबाची गोळी कोण परस्पर बंद करतो, हे केसपेपरवर क्वचितच असते. नॉर्वेतील एका मोठ्या अभ्यासात (२०२२) पंधरा वर्षांहून अधिक काळ एकाच डॉक्टरकडे असलेल्यांत, वर्षभराचाच संबंध असलेल्यांच्या तुलनेत, तातडीने इस्पितळात दाखल होणे २८ टक्क्यांनी आणि मृत्यू २५ टक्क्यांनी कमी आढळले. अशा आकड्यांनी कार्यकारण सिद्ध होत नाही आणि जुन्या विश्वासाखाली जुन्या चुकाही झाकल्या जातात, हे आम्हांस मान्य आहे. पण भाबडेपणाचा आरोप यापुढे टिकत नाही.

ताराशंकर बंद्योपाध्यायांची ‘आरोग्यनिकेतन’ (१९५३) आपण वर्गात जुना वैद्य विरुद्ध नवा डॉक्टर अशी शिकवतो. रुग्णाला पिढ्यांपासून ओळखणे हेही ज्ञान आहे की नाही, हा तिच्यातला प्रश्न मात्र आपण वगळतो.

देवमाणूस म्हणणे अधिक घातक आहे. देवाला वारस लागत नाही, दवाखान्याला लागतो. पुढची पिढी शहरात स्थिरावते, एके दिवशी शटर खाली येते आणि तालुक्याची तीस वर्षांची स्मृती कोणाच्याही हाती न पडता संपते. ज्याला आपण पुण्याई म्हटले, त्याच्या नोंदी ठेवाव्या, ते नव्या डॉक्टरला शिकवावे, त्यासाठी त्याला गावात टिकवावे, हे कोणाला सुचणार? देव्हाऱ्यात बसवलेल्या ज्ञानाची पूजा होते, अध्यापन होत नाही.