पणाला काय लावावे?

एरंडोल आणि त्याच्या परिसराची लोकस्मृती या गावाला महाभारतातील एकचक्रानगरी मानते. पांडव येथे वेश पालटून राहिले आणि भीमाने बकासुराचा वध याच मुलखात केला, ही कथा पद्मालयाच्या वाटेवर आजही ऐकावयास मिळते. त्याच पांडवांतील थोरल्या बंधूने पुढे फाशांच्या एका बैठकीत राज्य, बंधू आणि पत्नी पणाला लावली व गमावली. जैन परंपरेत सप्त व्यसनांची गणना द्यूतापासूनच सुरू होते. तेव्हा पेढीवर बसणाऱ्या घरांतील वडीलधारी मंडळी ‘खेळ’ हा शब्द कानी पडताच किंचित सावध होत असतील, तर त्यांना दोष देता येणार नाही. त्यांचा प्रश्न रास्त आहे : या खेळात पणाला काय लागते आहे?

या प्रश्नाचे एक फार सुंदर उत्तर महाराष्ट्रातच जन्मलेल्या एका खेळाडूच्या आयुष्याने दिलेले आहे. त्याचे नाव विल्सन जोन्स. त्याचा खेळ बिलियर्ड्स.

बिलियर्ड्सचे मूळ हिरवळीवर आहे. युरोपात काठीने चेंडू ढकलून तो कमानीतून पार करण्याचे खेळ जुन्या काळापासून खेळले जात. त्याच कुळातील क्रोके हा खेळ पुढे इंग्लंडात इतका लोकप्रिय झाला, की आज टेनिससाठी जगप्रसिद्ध असलेला विम्बल्डनचा क्लब १८६८ मध्ये मुळात क्रोकेसाठी स्थापन झाला होता. थंडीपावसात हिरवळीवर खेळणे शक्य नसे, म्हणून पंधराव्या शतकाच्या सुमारास असा खेळ घरात, मेजावर आला. बिलियर्ड्सच्या मेजावरील हिरवे कापड ही त्या गवताचीच आठवण आहे. आरंभीच्या मेजांवर एक छोटी कमानही असे. इंग्रजांबरोबर हा खेळ हिंदुस्थानात आला आणि लष्करी छावण्यांत रुजला. त्याचे भावंड स्नूकर तर १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीतच जन्मले असे मानले जाते. भुसावळहून निघणारी रेल्वे ज्या जबलपूरला जाते, तेच हे जबलपूर.

विल्सन जोन्स यांचा जन्म २ मे १९२२ रोजी पुण्यात झाला. १९४८ मध्ये त्यांनी स्नूकरचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले आणि १९५० मध्ये बिलियर्ड्सचे. १९६६ पर्यंतच्या काळात बिलियर्ड्सचे राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी एकूण बारा वेळा व स्नूकरचे पाच वेळा संपादन केले. देशात त्यांना तोड नव्हती. परंतु जगाच्या स्पर्धेत त्यांना दीर्घकाळ वाट पाहावी लागली. १९५२ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा कलकत्त्यात भरली, तेव्हा अजिंक्यपद इंग्लंडच्या लेस्ली ड्रिफील्ड यांनी नेले. सहा वर्षांनी, १९५८ मध्ये, स्पर्धा पुन्हा कलकत्त्यातच भरली. या वेळी जोन्स पहिले आले आणि ड्रिफील्ड दुसरे. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातील पहिला जगज्जेता मिळवून देणारा विजय म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे त्यांना दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. १९६४ मध्ये न्यूझीलंडमधील पुकेकोहे येथे त्यांनी जागतिक अजिंक्यपद पुन्हा जिंकले. त्या वेळी त्यांचे वय बेचाळीस वर्षांचे होते.

हा खेळ व्यापारी माणसास परका वाटू नये. मेज बारा फूट लांब व सहा फूट रुंद. त्यावर केवळ तीन चेंडू. आपला चेंडू उरलेल्या दोहोंना लागला, तर दोन गुण. तांबडा चेंडू पॉकेटमध्ये गेला, तर तीन. कोणत्याही एका यशाचे मोल याहून अधिक नाही. तरीही जाणते खेळाडू एका बैठकीत शेकडो गुण जमवितात, कारण प्रत्येक फटका मारताना पुढच्या फटक्यासाठी चेंडू कोठे थांबेल याचा हिशेब त्यांनी आधीच मांडलेला असतो. थोड्या नफ्यावर माल फिरवीत राहणारा आणि दर व्यवहारात पुढच्या व्यवहाराची वाट मोकळी ठेवणारा अडत्या ही रीत चटकन ओळखील. मोठा हात मारण्याचा मोह बहुधा डाव मोडतो, हे कपाशीच्या बाजारात जितके खरे, तितकेच या हिरव्या मेजावरही खरे.

या खेळाचा दुसरा धडा खुर्चीवरचा आहे. एकाचा डाव चालू असेतो दुसऱ्याने स्वस्थ बसून राहावयाचे असते. प्रतिस्पर्धी गुणांवर गुण मिळवीत असतो आणि बसलेल्याला काहीच करता येत नाही. चुळबुळ करणे वा आवाज करणे शिष्टसंमत नाही. आपली पाळी येईल तेव्हा हात स्थिर हवा, म्हणून तोवर मन स्थिर ठेवणे एवढेच त्याच्या हाती असते. तिसरा धडा प्रामाणिकपणाचा. चेंडूला क्यूचा नकळत स्पर्श झाला, तर पंचाने पाहिले नसले तरी खेळाडूने स्वतः ते सांगावे, असा या खेळाचा संकेत आहे. खतावणीत स्वतःच्या नावे चूक स्वतःच मांडणाऱ्या मुनिमासारखे हे वागणे. ज्या खेळाडूने बारा वेळा देशात व दोन वेळा जगात अग्रस्थान मिळविले, त्याने हे तिन्ही धडे किती वेळा गिरविले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. बिलियर्ड्सच्या खोलीविषयी सभ्य घरांत जो संशय असे, तो निराधार नव्हता. पैसे लावून हा खेळ खेळण्याची चाल पुष्कळ ठिकाणी होती. शिवाय या खेळाच्या इतिहासात एक काळे पान आहे, ते जैन वाचकाने विसरू नये. एकोणिसाव्या शतकात याचे चेंडू हस्तिदंताचे असत. एका सुळ्यातून मोजकेच चांगले चेंडू निघत आणि त्यासाठी हत्तींचे बळी पडत. ज्याला या खेळातले काहीच ठाऊक नाही, अशा मुक्या जिवाचे प्राण पणाला लागत होते. १८६० च्या दशकात अमेरिकेतील एका व्यावसायिकाने हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यास दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले. त्या खटपटीतून जॉन वेस्ली हायट यांचे सेल्युलॉइड पुढे आले आणि कालांतराने अधिक टिकाऊ कृत्रिम चेंडू रूढ झाले. बक्षिसामागची प्रेरणा भूतदयेपेक्षा टंचाईची होती, हे खरे. परंतु हस्तिदंतावाचून खेळाचे काही अडत नाही, हे त्यातून सिद्ध झाले. जोन्स जगज्जेते झाले ते अशा कृत्रिम चेंडूंवर.

आणि जोन्स खेळले ते हौशी खेळाडू म्हणून. त्या काळच्या जागतिक हौशी स्पर्धेत विजेत्याला धन मिळत नसे. कलकत्त्याच्या विजयाने त्यांचे घर भरले नाही. त्यांनी पणाला लावला तो स्वतःचा वेळ, दृष्टी आणि चित्ताची एकाग्रता. हरले तेव्हा त्यांच्यामुळे कोणाच्या ताटातील अन्न गेले नाही, आणि जिंकले तेव्हा कोणाचे घर उद्ध्वस्त झाले नाही. द्यूत आणि खेळ यांच्यातील सीमा याहून स्पष्ट दाखविता येणार नाही. द्यूतात दुसऱ्याचे गेल्याखेरीज आपल्याला मिळत नाही. खेळात हरणाराही अधिक शहाणा होऊन उठतो.

शासनाने १९६३ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार दिला व १९६५ मध्ये पद्मश्री. परंतु त्यांच्या ताळेबंदातील सर्वांत बोलकी नोंद त्यानंतरची आहे. खेळाडू म्हणून निवृत्त झाल्यावर ते शिकवू लागले. त्यांच्या मार्गदर्शनाचा लाभ झालेल्यांत ओम अगरवाल यांचे नाव घेतले जाते. १९८४ मध्ये डब्लिन येथे जागतिक हौशी स्नूकर अजिंक्यपद जिंकणारे हेच ते अगरवाल. १९९६ मध्ये जोन्स यांना प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. दरम्यान मुंबईच्या मायकल फरेरा यांनी १९७७ पासून तीन वेळा जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली होती. गीत सेठी आले आणि पुढे १९८५ मध्ये पुण्यातच जन्मलेले पंकज अडवाणी. एका माणसाने पुसट पायवाट पाडावी आणि तिचा राजमार्ग व्हावा, तसे हे घडले. ५ ऑक्टोबर २००३ रोजी विल्सन जोन्स यांचे निधन झाले. कमावलेले ज्ञान त्यांनी तिजोरीत न ठेवता फिरते ठेवले होते, म्हणून ते त्यांच्याबरोबर संपले नाही.

एरंडोलसारख्या गावात बिलियर्ड्सचे मेज क्वचितच दिसेल. कॅरमचा बोर्ड आणि बुद्धिबळाचा पट मात्र घरोघरी परिचयाचे आहेत, आणि एकाग्रता व संयम यांच्या बाबतीत ते त्याच कुळातील आहेत. जळगावची जैन स्पोर्ट्स अकॅडमी या दोन्ही खेळांना आधार देते, तेव्हा खानदेशातील मुलामुलींना वाट शोधण्यास फार दूर जावयास नको. सर्वच मुले विजेती होणार नाहीत. बहुतेक होणार नाहीत, आणि शिक्षण वा व्यवसाय सोडून खेळाच्या मागे लागण्याचा सल्ला शहाणा माणूस देणार नाही. परंतु रात्री दुकान वाढवून घरी आलेल्या पित्याला मुलगी कॅरमच्या बोर्डावर एकाच सोंगटीचा नेम पुन्हापुन्हा धरताना दिसली, तर ‘यातून काय मिळणार?’ असे विचारण्याआधी त्याने तीन गोष्टी पाहाव्यात. या खेळात पैसा लागतो आहे का? कोणा जिवाला पीडा होते आहे का? आणि हरल्यावर ती चिडून सोंगट्या उधळते, की त्या पुन्हा मांडते? पहिल्या दोहोंचे उत्तर नकारार्थी असेल आणि ती सोंगट्या पुन्हा मांडीत असेल, तर पित्याने दिवा मालविण्याची घाई करू नये.