जंगी पलटण आणि शेजाऱ्यांची घरं



आपल्या गेल्या रविवारच्या अंकातला शेजारी देशांवरचा लेख वाचला. कोलंबोत लोक राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात शिरले, ढाक्यात सरकार पडलं, काठमांडूत संसदेला आग लागली, आणि एवढा मोठा भारत हात बांधून बसला, याची लेखकमहाशयांना चीड आली आहे. ‘एकदा १९७१ सारखा हिसका दाखवा’ असा एकूण सूर. बेळगावच्या वाचकांसाठी लिहिताना त्यांनी कॅम्पातल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरकडे एक चक्कर मारली असती तर बरं झालं असतं. १९२२ पासून ते इथे आहे. कुणाच्या मोडक्या घरात पलटण पाठवली की काय होतं, याचा अनुभव त्या रेजिमेंटच्या गाठीशी भरपूर आहे.

एकाच पलटणीचं बघा. पहिली मराठा, म्हणजे आपली जंगी पलटण, स्थापना १७६८. पहिल्या महायुद्धात तिचा क्रमांक १०३ होता आणि इंग्रजांनी तिला मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये नेलं. कुत अल अमाराला तुर्कांनी वेढा घातला तो डिसेंबर १९१५ मध्ये. धान्य संपत आलं, तट्टं आणि घोडी कापून खायची वेळ आली आणि आपल्यातल्या कित्येकांनी ते मांस बरेच दिवस नाकारलं. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. कैदेत गेलेल्यांतले पुष्कळजण परत आलेच नाहीत. इराक कुणाचा व्हावा याच्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

डिसेंबर १९७१ मध्ये हीच पलटण आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होती. ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून निरोप धाडला, तर पलीकडच्या पाकिस्तानी अधिकाऱ्यानं उत्तरासोबत बंदुकीची गोळी पाठवली. मग जमालपूर पडलं आणि ढाक्याची वाट मोकळी झाली. लेखकाला हा हिसका आठवतो, तो आठवावाच. पण त्यामागे काय होतं? सुमारे एक कोटी निर्वासित आपल्याकडे आले होते, तिथल्याच लोकांची मुक्तिवाहिनी लढत होती आणि आपण नऊ महिने तयारी केली होती. शिवाय मार्च १९७२ मध्ये आपली फौज ढाक्यातून निघाली सुद्धा. पाहुण्यानं किती दिवस राहावं हे तेव्हा कुणीतरी ओळखलं होतं.

आणि तिसरी खेप १९८७ ची, श्रीलंकेतल्या जाफन्याची. तिच्याबद्दल लेखात एक अक्षर नाही.

आधी आपणच तमिळ गटांना शस्त्रं दिली, आपल्या भूमीवर शिकवून तयार केलं. मग २९ जुलैला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. ज्यांच्यासाठी करार, त्या तमिळांची त्यावर सही नाही. दिल्लीत ओढलेली रेघ गल्लीत कशी नांदते, हे आम्हा सीमाभागातल्या माणसांना निराळं सांगायला नको. सही झाली आणि दुसऱ्याच दिवशी फौज उतरू लागली. संसदेत उलटसुलट बोलायला सवडच नव्हती. ऑक्टोबरमध्ये, आपणच शिकवलेल्या पोरांशी आपली लढाई जुंपली. त्यात जंगी पलटण होती, महार रेजिमेंट होती. फौज वाढत वाढत चार डिव्हिजनपर्यंत गेली. पुढे तिथले नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदास यांनी ‘आता निघा’ म्हटलं आणि आपल्याशी लढणाऱ्या तमिळ वाघांनाच हत्यारं पुरवली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तेव्हा मद्रासच्या स्वागताला तिथले मुख्यमंत्रीसुद्धा गेले नाहीत. सुमारे १२०० जवान गेले. पुढच्या वर्षी राजीव गांधीही गेले.

मी तेव्हा निपाणीत नवा मास्तर होतो. गल्लीत वखारीत तंबाखू निवडणाऱ्या एक आजी होत्या. त्यांचा मुलगा मराठा पलटणीत. इनलँड आलं की वाचून दाखवायचं काम माझं. हातात घेतलं की कागदालाही तंबाखूचा वास यायचा, कारण आजी तो दिवसभर कनवटीला ठेवायच्या. पत्त्यात गावाचं नाव नाही, नुसतं ‘मार्फत ५६ एपीओ’, म्हणजे फौजेचं टपाल. ‘हे छप्पन म्हंजे कुठलं गाव रं मास्तर?’ असं त्या दर खेपेला विचारायच्या. एका पत्रात त्यानं लिहिलं होतं, इथं जिकडं बघावं तिकडं ताड. आजींना काळजी लागली, पोरगं ताडी प्यायला लागलं की काय! हसून झाल्यावर त्यांनी विचारलेलं मात्र मी विसरलेलो नाही. रेडिओवर रोज ‘शांतिसेना’ ऐकायच्या त्या. म्हणाल्या, ‘शांती करायला गेल्यात, तर मग गोळ्या कशा लागत्यात?’ मला तेव्हा उत्तर आलं नाही. मुलगा धडधाकट परतला. पण लंकेचा विषय निघाला की तो उठून परड्यात जायचा.

या जवानांचं स्मारक कोलंबोजवळ आधी झालं, दिल्लीतलं राष्ट्रीय समर स्मारक २०१९ मध्ये. यावर मी काही बोलत नाही.

उलट २००३ बघा. इराक पाडल्यावर अमेरिकेनं आपल्याकडे पूर्ण डिव्हिजन मागितली, सतरा हजारांच्या आसपास माणसं. जिथे जंगी पलटण उपाशी मेली त्याच मुलखात. त्याआधी एप्रिलमध्येच लोकसभेनं इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध एकमतानं ठराव केला होता. त्यातल्या ‘निंदा’ शब्दावर किती खल झाला ते त्या वेळच्या अंकांत सापडेल. पक्षांत, पेपरांत महिनाभर वाद चालला आणि १४ जुलैला वाजपेयी सरकारनं नकार कळवला. तेव्हाही ‘महासत्ता व्हायची संधी दवडली’ म्हणणारे होतेच. पुढच्या वर्षांत इराकमध्ये जे झालं ते बघून त्यांतले बहुतेक गप्प झाले.

म्हणजे शेजाऱ्याकडे पाठ फिरवायची असं मी म्हणत नाही. १९८८ मध्ये मालदीवच्या राष्ट्राध्यक्षांनी हाक मारली, आपले छत्रीधारी रातोरात गेले आणि काम आटोपलं. अफगाणिस्तानात आपण झरंज ते देलाराम २१८ किलोमीटरचा रस्ता बांधला, हेरातजवळ सलमा धरण बांधलं. तालिबान आले, तरी रस्ता उखडला गेला नाही आणि धरणाचं पाणी शेतकऱ्यालाच मिळतं. लंकेत २०२२ मध्ये पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या तेव्हा आपण सुमारे चार अब्ज डॉलरची मदत आणि उधारी दिली. कुणाच्याही इनलँडवर ५६ एपीओ लिहावं लागलं नाही. लेखकमहाशय याला हात बांधून बसणं म्हणतात!

माझं मागणं एवढंच. देशाबाहेर एखादी तुकडी जायची असेल तर आधी संसदेत उघड चर्चा व्हावी, आणि ज्या देशात जायचं तिथल्या भांडणाऱ्या सर्व बाजूंची संमती कागदावर असावी. बेळगाव आणि चिक्कोडी या आमच्या दोन्ही मतदारसंघांतून पोरं भरतीला जातात. निवडणुकीत रस्ते, पाणी आणि सीमाप्रश्न यांवर उमेदवारांना छेडणारे आपले वार्ताहर हाही एक प्रश्न विचारतील का? उत्तर पहिल्या पानावर छापा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, निपाणी