साखर पिकवणाऱ्याने साखर किती खावी?



दिवाळीआधी सवलतीची सभासद साखर न्यायला गोडाऊनपुढे रांग लागते. पोते एकदा घरात आले की ते कधी संपले याचा हिशेब कोणी ठेवत नाही. कारखान्याचा पगार घेणाऱ्याने या हिशेबात तोंड घालावे काय, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. लागणीच्या नोंदीसाठी बांधावर गेलो की आजकाल पुन्हा पुन्हा एकच ऐकू येते, "साहेब, सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी निघाली. आणि मी तर माळकरी माणूस, थेंबाला शिवत नाही!"

दारूने यकृत खराब होते हे सगळ्यांना माहीत आहे, आणि ते खरेच आहे. पण न पिणाऱ्याच्याही यकृतात चरबी साठते, ती ताटातून आणि कपातून. २०२१ साली केंद्र सरकारने हा आजार मधुमेह, रक्तदाब यांच्यासाठी चाललेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला तो काही उगीच नाही. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. पुढे सूज येते, मग यकृत निबर होते.

आपली साखर म्हणजे अर्धे ग्लुकोज, अर्धे फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळे शरीर वापरते. फ्रुक्टोजचा बराचसा भार यकृतावर पडतो, आणि ते गरजेपेक्षा जास्त आले की यकृत त्याची चरबी करते. गूळ खाल्ला तर चालतो, अशी एक समजूत आहे. गुळात थोडी खनिजे असतील, पण बाकी बहुतेक साखरच. काकवीचे तेच. रसाचे तर तुम्हाला मी सांगायला नको. ब्रिक्स २० लागला की आपण तोडीला खूष. म्हणजे १०० ग्रॅम रसात २० ग्रॅम विरघळलेला ऐवज, त्यातली बहुतेक साखर. २०० ग्रॅमचा एक ग्लास घेतला की ४० ग्रॅमच्या आसपास गेलेच पोटात.

आता आतड्याचे. आतड्यातून निघालेले रक्त थेट यकृतात जाते. गव्हाणीत उसाबरोबर माती-दगड आले तर पुढच्या सुऱ्यांना पहिला मार बसतो, तसे यकृताचे आहे. पाचट जाळू नका, कुजवा, जमिनीतले जिवाणू जगवा, हे आम्ही घसा कोरडा करून सांगतो. आतड्यातही असेच जिवाणू आहेत आणि चोथा हे त्यांचे पाचट. तो कुजवून ते जी आम्ले तयार करतात, त्यांवर आतड्याचे अस्तर पोसते. चोथा मिळाला नाही तर अस्तर कमजोर होते, नको ते रक्तात झिरपते आणि यकृताची सूज वाढवते. भाकरी, मोड आलेली उसळ, डाळ, मेथी-शेपू हे सगळे आपल्याच रानातले. पण आता सकाळी चहात बुडवायला खारी-टोस्ट आणि दुपारी फरसाण! म्हातारी माणसे न्याहारीला भाकरी-कोरड्यास खात होती. ती अडाणी नव्हती.

चहाचाच हिशेब करू. दिवसात आठ कप, कपाला दोन चमचे, चमचा ५ ग्रॅमचा. झाली ८० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, आणि जमल्यास ५ टक्के, म्हणजे साधारण २५ ग्रॅम. पूर्वी मोट हाकून, बांध तुडवून काही जिरायचे. आता मोटारसायकल थेट बांधावर जाते आणि मोटर मोबाईलवर चालू होते. वजन ७ ते १० टक्के उतरले तर यकृताची सूजही उतरते. ८० किलोच्या माणसाला सहा ते आठ किलो पुरे. मात्र उपाशी राहून झटपट उतरवू नये, आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

"सगळ्यांनी असे केले तर आपली साखर खपायची कशी?" हा प्रश्न मला गट ऑफिसात विचारला गेला. देशातल्या साखरेचा मोठा भाग मिठाई, बिस्किटे आणि शीतपेये करणारे उचलतात. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट २०२५ साली गाठले गेले, त्यातही उसाचा वाटा आहे. तुमच्या कपातल्या दोन चमच्यांवर उसाचा दर ठरत नाही. कारखाना तुमच्या टनेजवर आणि उताऱ्यावर चालतो, आणि टनेज काढायला मालक धडधाकट लागतो.

म्हणून मी कार्यालयाला लिहून दिले आहे की वार्षिक सभेत आणि गट ऑफिसात चहा बिनसाखरेचा करावा आणि साखरेची वाटी शेजारी ठेवावी. ज्याला हवी त्याने आपल्या हाताने घालावी. कॅन्टीनवाला आत्ताच कुरकुरतोय. दिवाळीच्या लाडवांबद्दल मी काही बोललेलो नाही, याची भगिनींनी नोंद घ्यावी.

— ऊस विकास अधिकारी