विहिरीतल्या बाईचं नाव काय?

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला अमेरिकन साहित्याचा पेपर होता. एडगर ॲलन पो आला की प्रश्न ठरलेला: ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’मधलं भीतीचं वातावरण स्पष्ट करा. गाइडमधलं उत्तरही ठरलेलं. भेगाळलेली भिंत, काळं तळं, वादळी रात्र. मीही तेच लिहिलं, मार्क बरे पडले. आता पत्रकारिता शिकतेय. परवा पो पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आलं, त्या अख्ख्या उत्तरात मी मॅडलिनचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.

मॅडलिन ही रॉडरिक अशरची जुळी बहीण. ती मेली असं समजून तिला वाड्याच्या तळघरात ठेवतात, पण ती जिवंत असते. शेवटी भाऊ कबूल करतो, की तिची हालचाल मला कित्येक दिवस ऐकू येत होती, बोलायचं धाडस झालं नाही. मग सांगा, भीती त्या भिंतीत होती की घरातल्या गप्प माणसात?

ही कथा १८३९ची. दोनच वर्षांनी याच माणसाने ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ लिहिली. पहिली डिटेक्टिव्ह कथा म्हणून तिचंच नाव घेतात. शेरलॉक होम्स आला तो १८८७ला. बंद खोलीत दोन बायकांचा खून होतो. आतला एक कर्कश आवाज शेजारपाजारच्यांनी ऐकलेला. प्रत्येक जण छातीठोक सांगतो की आवाज अमुक परक्या भाषेतला होता, आणि नेमकी तीच भाषा त्याला येत नसते! पोचा डिटेक्टिव्ह ड्युपिन तिथेच अडतो आणि प्रश्न विचारायला लागतो.

सिलॅबसमध्ये मात्र गॉथिकचा कप्पा वेगळा, डिटेक्टिव्हचा वेगळा. दोन्हींवर टिपा लिहायच्या. माझं म्हणणं आहे, या दोन कथा शेजारी ठेवूनच शिकवा. एकीत घर गप्प बसतं, दुसरीत कुणीतरी विचारतं.

आमच्या अणदूर-नळदुर्ग पट्ट्यात भुताच्या गोष्टींना तोटा नाही. किल्ल्यातला पाणीमहाल पाहिलाय ना? बोरी नदीच्या बांधाच्या पोटात महाल आणि वरून कोसळणारं पाणी. पोने तिथं मुक्कामच ठोकला असता. (‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिणारा मेडोज टेलर पुढे नळदुर्गलाच अधिकारी होता. ते पुस्तकही १८३९चंच. घराजवळचं असूनही तीन वर्षांत वर्गात त्याचा विषय कधी निघाला नाही.)

पण मला आठवली ती शेताच्या वाटेवरची विहीर. तिन्हीसांजेला तिकडून जायचं नाही, तिथं बाई लागते. हिरव्या लुगड्यातली. आम्ही पोरी ही गोष्ट रंगवून रंगवून सांगायचो. तुमच्याही गावात अशी एखादी विहीर असेल, आणि पैज लावते, तिथली बाई कुणाची तरी सूनच असेल. एकदा तिचं भूत झालं की चौकशी संपते. ती विहिरीपर्यंत का गेली, आदल्या रात्री घरात काय झालं, कुणी विचारत नाही.

पोची तिसरी कथा तर आम्हा पत्रकारितेच्या पोरांना सक्तीची करावी. १८४१ला न्यूयॉर्कमध्ये सिगारच्या दुकानात काम केलेल्या मेरी रॉजर्सचा मृतदेह हडसन नदीत सापडला. पेपरांनी रकानेच्या रकाने भरले. पोने ती घटना पॅरिसला नेली, नाव मारी रोजे केलं आणि ड्युपिनला निव्वळ पेपरातल्या बातम्या वाचून तपासाला बसवलं. तो एकेका बातमीची सालटं काढतो. पेपरांना सत्यापेक्षा खळबळ प्यारी, असंही सुनावतो. खरा गुन्हेगार पोलाही सापडला नाही, ते प्रकरण आजवर उलगडलेलं नाही. पण वाचताना माझे कान तापले. ‘विवाहितेची विहिरीत उडी’ हे हेडिंग मीही दिलंय. चार ओळी, पोलिसांत नोंद, विषय संपला. ती उडीच होती, हे मला कुणी सांगितलं होतं?

सर म्हणतील, हा साहित्याचा वर्ग आहे, पोलीस ठाणं नव्हे. बरोबर आहे. पण मॅडलिनला वगळून लिहिलेल्या उत्तराला चांगले मार्क मिळत असतील, तर साहित्य तरी कुठं शिकलो आपण? इंटर्नलला गाइडमधल्या टिपेऐवजी आपल्या गावातली एक भुताची गोष्ट लिहून आणायला सांगा. खाली ड्युपिनने विचारले असते ते पाच प्रश्न. बघा, पोरं पो विसरतात का.

मी दिवाळीत हा प्रयोग घरीच केला. आजीला विचारलं, त्या विहिरीतल्या बाईचं नाव काय होतं?

“कशाला इचारायलीस गं?”

“असंच.”

आजी बराच वेळ शेंगा फोडत राहिली. मग नाव सांगितलं. माहेरचं गाव सांगितलं. दोन लेकरं होती म्हणाली, थोरलीला नुकतंच शाळेत घातलेलं. आणि लुगडं हिरवं नव्हतं म्हणे. “ते तुमी पोरींनी लावलं.”