तराफा होता, नदीचे तोंड बंद होते

लाकडाचे ओंडके एकमेकांना बांधले की तराफा झाला. त्याला इंजिन नको, शीड नको, बैल नकोत. नदी नेईल तिकडे तो जातो. खोट एकच. गेला तो गेला, प्रवाहाविरुद्ध परत येत नाही.

ही खोट हिशेबात धरूनच अमेरिकेतील ओहायो नदीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी दोनशे वर्षांपूर्वी आपला माल बाजारात नेला. डोंगर ओलांडून पूर्व किनाऱ्यावर धान्य न्यायचे तर वाहतुकीतच त्याची किंमत संपे. म्हणून ते तराफ्याला फळ्यांच्या भिंती आणि वर छप्पर ठोकत. पन्नास-साठ फूट लांब, पंधरा-वीस फूट रुंद असे हे चपट्या तळाचे खोके. त्याला फ्लॅटबोट म्हणत. त्यात मका, पीठ, तंबाखू, खारवलेले मांस भरायचे आणि नदीला पाणी चढले की सोडून द्यायचे. पिट्सबर्गपासून न्यू ऑर्लिन्सचे बंदर सुमारे तीन हजार किलोमीटर. तिथे माल विकायचा, मग खोके मोडून फळ्याही विकायच्या आणि घरी पायी निघायचे. नॅचेझ ते नॅशव्हिल ही रानवाटच सातशे किलोमीटरची, आणि वाटेत लुटारू. अब्राहम लिंकन १८२८ साली, एकोणीस वर्षांचा असताना, महिना आठ डॉलर मजुरीवर अशाच एका बोटीवरून न्यू ऑर्लिन्सला गेला होता. (याच नदीवरून गुलाम माणसेही विकायला नेत, हेही सांगितले पाहिजे.)

पाणी सगळ्यांसाठी एकाच वेळी चढते. त्यामुळे बोटी एकाच वेळी बंदराला लागत आणि भाव कोसळत. दमट हवेत पीठ खराब होऊ लागले की व्यापारी नुसता थांबून राही. दिवाळीच्या तोंडावर पहिल्या वेचणीचा कापूस घेऊन बाजारात उभे राहणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

पण मंदीपेक्षा मोठे संकट नदीच्या तोंडाशी होते. न्यू ऑर्लिन्स स्पेनच्या ताब्यात होते आणि १७८४ साली स्पेनने नदीचा खालचा भाग अमेरिकी मालाला बंद केला. तराफे तेच, नदी तीच, पिकवणाराही तोच. बाजार मात्र गेला. शेतकऱ्यांच्याच सरकारने तरी त्यांची बाजू घ्यावी? १७८६ साली परराष्ट्र व्यवहार पाहणारे जॉन जे नदीवरचा हक्क पंचवीस-तीस वर्षे सोडून द्यायला तयार झाले होते. मोबदल्यात स्पेनशी व्यापाराच्या सवलती मिळणार होत्या, त्या किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांना. शेतकरी खवळले, तेव्हा ते बारगळले.

बंदी आली की परवान्याचा दलाल येतोच. १७८७ साली जेम्स विल्किन्सन नावाचा माजी सेनाधिकारी केंटकीचा तंबाखू घेऊन न्यू ऑर्लिन्सला गेला. स्पेनच्या गव्हर्नरशी संधान बांधून, स्पेनशी निष्ठेची शपथ घेऊन, माल विकण्याची मुभा मिळवून परतला. पुढे तो गुपचूप स्पेनचा पैसा खात राहिला.

१७९५ च्या तहाने नदी खुली झाली आणि बंदरात माल ठेवण्याचा हक्क मिळाला. १८०२ च्या ऑक्टोबरात तिथल्या स्पॅनिश अधिकाऱ्याने तो हक्क पुन्हा काढून घेतला. या वेळी मात्र अमेरिकी सरकार हलले. तोवर हा मुलूख स्पेनने फ्रान्सला देऊ केला होता. बंदर विकत घ्यायला गेलेल्या वकिलांनी १८०३ साली दीड कोटी डॉलरला नदीच्या पश्चिमेचा सारा लुइझियाना मुलूख फ्रान्सकडून घेतला.

आपल्याकडे नदीचे तोंड बंद करायला परका राजा लागला नाही. १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात राज्याच्या सीमेवर कापसाच्या गाड्या अडवल्या जात. ती योजना संपली. पण ५ मार्च २०१२ रोजी, कापूस बाजारात येत असताना, केंद्र सरकारने निर्यात एका फटक्यात बंद केली. ओरड झाली तेव्हा काही दिवसांत ती सैल करावी लागली. तोवर ज्यांनी गरजेपोटी माल घातला, त्यांचे नुकसान कोणी मोजले नाही.

त्या मार्चच्या आधीच्या आणि नंतरच्या काटापट्ट्या ज्यांनी जपून ठेवल्या असतील, त्यांनी त्या जिल्हा बैठकीला सोबत आणाव्यात. क्विंटलमागे किती गेले ते तिथेच बसून काढू.