तंत्रज्ञाचा आखाती करार

झेरॉक्स यंत्राचा झिजलेला रोलर बदलणारा, फ्यूजर उघडून अडकलेला कागद काढणारा तंत्रज्ञ दुबई, दोहा, रियाधच्या कार्यालयांनाही हवा असतो. आयटीआय किंवा डिप्लोमा करून तिकडे निघालेल्या मराठी तरुणांनी एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना दहावी न झालेल्यांना सरकारी मंजुरी लागते. त्यांची कागदपत्रे तपासली जातात, १० लाखांचा विमाही सक्तीचा असतो. दहावी झालेल्याला ही मंजुरी लागत नाही. हेलपाटे वाचतात, पण तपासणीचे कवचही जाते. म्हणून एजंट नोंदणीकृत आहे का, हे ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर स्वतः पाहावे. त्याला जीएसटी वगळून ३० हजार रुपयांहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. घेतलेल्या पैशांची पावती मागावी. व्हिजिट व्हिसावर नोकरीसाठी जाऊ नये. करारात मूळ पगार, ओव्हरटाइम, राहण्याची सोय आणि परतीचे तिकीट लिहून घ्यावे. शिकलेल्या कामगारालाही सरकारने हेच संरक्षण द्यायला हवे. तोवर करार नीट वाचल्याशिवाय कुणीही सही करू नये.